राफ्टिंगची आखणी शिकवणाऱ्या दादांना

आदरणीय दादा,

तुमचं नाव इथे लिहीत नाही, कारण ते तुम्हाला आवडणार नाही. पण आभार मात्र चारचौघांत मानायचे आहेत. तुमची आमची ओळख नव्हती, आमच्या सहलीतून तुम्हाला काही मिळणारही नव्हतं. तरी तुम्ही प्रत्येक फोन उचललात.

मी विचारलं होतं, "कोणती नदी चांगली?" तुम्ही उलट विचारलंत, "येणार कोण कोण?" पोहता कुणाला येतं, कुणाला दमा आहे का, कुणाचा खांदा कधी निखळला होता का, सगळ्यात लहान मुलाचं वजन किती. वजन कशासाठी, ते नंतर कळलं. लाइफ जॅकेट मापाचं नसेल तर पाण्यात अंगातून वर सरकतं. पट्टे आवळल्यावर खांद्याला धरून ओढून बघा, हनुवटीपर्यंत आलं तर दुसरं मागा, हे तुम्ही प्रत्येकाला वेगवेगळं सांगितलंत.

ग्रेडचंही, म्हणजे नदीचा टप्पा किती अवघड ते सांगणाऱ्या आकड्याचंही, तसंच. 1 ते 6 अशी श्रेणी असते एवढं आम्ही वाचलं होतं आणि '3' हा आकडा धरून बसलो होतो. पाणी वाढलं की तोच रॅपिड, म्हणजे खळाळत्या पाण्याचा टप्पा, कधी बुजून जातो, कधी दुप्पट खवळतो, म्हणून त्या आठवड्यात विसर्ग किती आहे ते आधी विचारा, असं तुम्ही सांगितलंत. सेकंदाला 50 घनमीटर म्हणजे सेकंदाला 50 टन पाणी. हा हिशेब ऐकल्यावर गटातले सगळेच नीट ऐकू लागले.

बर्फाच्या पाण्यावरच्या नदीबद्दल तुम्ही जे समजावलंत, ते मला सगळ्यात मोलाचं वाटतं. दुपारच्या उन्हात वर बर्फ वितळतो, पण ते पाणी खाली पोहोचायला वेळ लागतो. त्यामुळे आभाळ निरभ्र असतानाही संध्याकाळी नदी चढते. आम्ही दुपारी उतरायचं ठरवलं होतं, ते तुमच्या सांगण्यावरून सकाळवर आणलं. वर धरण असेल तर पाणी कधी सोडतात, सोबत बचावासाठी कायक (वल्ह्याची छोटी, अरुंद होडी) असते का, दरीतून बाहेर पडायला रस्ता कुठे कुठे आहे, हे प्रश्नही तुम्हीच लिहून दिलेत. आयोजकांना ते जसेच्या तसे विचारले.

आणि पाण्यात पडल्यावर काय करायचं ते! पाठीवर राहायचं, पाय पुढे, पायांची बोटं पाण्याच्या वर. वेगाच्या पाण्यात उभं राहायला जायचं नाही, कारण पाय दगडांच्या फटीत अडकला तर मागचा प्रवाह माणसाला पुढे दाबून पाण्याखाली धरतो. आडवं पडलेलं झाड दिसलं तर मात्र पालथं होऊन जोर लावून त्याच्यापासून दूर पोहायचं, आणि टळलंच नाही तर त्याच्या वर चढायचं, खालून जायचं नाही. थंडगार पाण्यात पडल्यावर पहिलं मिनिटभर फक्त श्वास सांभाळायचा. काठावर गाइड हे सांगतोच, पण तेव्हा निम्मं लक्ष नदीकडे असतं, म्हणून घरीच जमिनीवर झोपून करून बघा म्हणालात. आम्ही केलं, पोरांनी तर पुन्हा पुन्हा केलं.

आत्याला पोहता येत नाही. तिला कुणीही सहज "तुम्ही काठावर बसा" म्हटलं असतं. तुम्ही गटाचे दोन भाग करायला लावलेत: वरचा अवघड टप्पा मोठ्यांसाठी, खालचा ग्रेड 2 चा टप्पा तिच्यासाठी आणि मुलांसाठी, आणि शेवटी सगळे एकाच काठाला. तिने वल्हं हातात घेतलं ते तुमच्यामुळे, दादा. त्याबद्दल तुमचे आभार मानावेत तेवढे थोडेच.

आता ती विचारते आहे, पुढच्या वेळी ग्रेड 3 जमेल का. मी तिला सांगितलंय, दादांना विचारून कळवते. सवडीने फोन करा.

आपली,
आत्याची भाची