आमच्या एआयला खरी शिल्लक बघायला शिकवणाऱ्या मुलास

चि. ——,

अनेक आशीर्वाद. नाव लिहू नका असं तू बजावलंस, म्हणून जागा कोरी ठेवली. आभार मात्र चारचौघांत मानणार आहे, कारण तू केलेलं काम इतर हिशेबनिसांनाही कळावं असं मला मनापासून वाटतं.

तुझ्या बाबांच्या अक्कलकोट रोडवरच्या टॉवेल कारखान्याचे हिशेब मी कितीतरी वर्षं बघते. हल्ली अशाच घरांतली मुलं सॉफ्टवेअरच्या छोट्या प्रायव्हेट लिमिटेड कंपन्या काढतात आणि काहींकडे क्रिप्टोही असतं. कंपनीकडे ते असेल तर ताळेबंदाच्या तारखेला किती होतं, हे 1 एप्रिल 2021 पासून वित्तीय पत्रकांत दाखवावं लागतं. बँकेचं खातं असतं तर शाखेकडून दाखला मागवला असता. इथे शाखा नाही की मॅनेजर नाही. हातात येतो तो वॉलेटचा, म्हणजे क्रिप्टोच्या डिजिटल पाकिटाचा, 42 अक्षरांचा एक पत्ता.

कागद लावायला, पत्रांचे मसुदे करायला आमच्याकडे एआय सहायक आहे. त्याला त्या पत्त्याची शिल्लक विचारली की तो बेधडक आकडा सांगायचा, तोही दशांशासकट. ब्लॉकचेनवर, म्हणजे क्रिप्टोच्या व्यवहारांच्या जाहीर खतावणीत, बघायची सोयच त्याच्याकडे नव्हती, तरी उत्तर द्यायचा. दिवाळीच्या सुट्टीत तू सहज ऑफिसात आलास, हे ऐकलंस आणि लॅपटॉप उघडून बसलास. मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलवर (एआयला बाहेरची साधनं जोडायच्या ठरीव पद्धतीवर) चालणारं ते छोटं साधन तू जोडून दिलंस, तेव्हापासून सहायक अंदाज करत नाही. तो नोडला, म्हणजे ती खतावणी जपणाऱ्या संगणकाला, विचारतो आणि आलेलं उत्तर सांगतो.

तू ते फक्त वाचण्यापुरतं ठेवलंस, याबद्दल आधी आभार. पत्ता आणि नेटवर्क (म्हणजे कुठली ब्लॉकचेन), एवढंच ते मागतं. ‘शिल्लक जुळवून देतो’ म्हणत एकानं आमच्या एका अशीलाकडे वॉलेटचे बारा शब्द मागितले होते. ते शब्द ज्याच्या हाती गेले, त्याच्या हाती सगळा पैसा गेला. तुझ्या साधनात ते शब्द टाकायला जागाच नाही. एआयनं कितीही गोंधळ घातला तरी त्यातून एक पैसाही हलू शकत नाही.

दशांशांचंही तसंच. ईथर हे ईथेरियम नेटवर्कचं चलन, वेई हे त्याचं सर्वांत लहान एकक; एक ईथर म्हणजे एकावर अठरा शून्यं इतके वेई, आणि नोड शिल्लक देतो ती वेईमध्ये, तीही सोळाच्या पायावरच्या अंकांत. यूएसडीटी या डॉलरशी बांधलेल्या टोकनला ईथेरियमवर सहा दशांश, बीएनबी चेन या दुसऱ्या नेटवर्कवर अठरा. नाव एकच आहे म्हणून एकाच हिशेबानं मोजलं, तर आकडा एक लाख कोटी पटीनं चुकेल. तू ही आकडेमोड सहायकावर सोडली नाहीस. साधन टोकनच्या करारालाच (ब्लॉकचेनवरच्या त्याच्या प्रोग्रॅमलाच) दशांश विचारतं आणि तयार रक्कम हातात देतं.

31 मार्चची मध्यरात्र आपल्याकडे होते तेव्हा यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेनुसार संध्याकाळचे साडेसहा वाजलेले असतात. त्या क्षणाआधीचा शेवटचा ब्लॉक (जणू खतावणीचं पान) शोधून, जुनी स्थिती जपणाऱ्या अर्काइव्ह नोडकडून त्या ब्लॉकची शिल्लक आणायची, हे तुला कुणी सांगितलं नव्हतं. आकड्याशेजारी ब्लॉकचा क्रमांकही येतो, म्हणजे कुणालाही तो आकडा स्वतः पडताळून बघता येतो.

पण माझ्या मनात घर केलंय ते वेगळ्याच गोष्टीनं. नोडनं उत्तर दिलं नाही, तर तुझं साधन शून्य लिहीत नाही. ‘शिल्लक वाचता आली नाही’ असं ते स्पष्ट सांगतं आणि सहायकानं त्या जागी कुठलाही आकडा घालू नये, अशी सूचनाही सोबत देतं. आमच्या कामात शून्य हाही आकडाच असतो. त्यावर आम्ही सही करतो, त्यावर कर ठरतो, भागीदारांची भांडणं होतात. कळलं नाही ते कळलं नाही म्हणून सांगणारं सॉफ्टवेअर मला फार क्वचित भेटलं आहे. नोकरीला लागून फार वर्षं न झालेल्या मुलाला ही जाण आहे, याचा मला अभिमान वाटतो.

शिल्लक दिसली म्हणजे ती कंपनीचीच असं नाही, हेही तूच लक्षात आणून दिलंस. आता आम्ही संचालकांना समोर बसवून त्या वॉलेटमधून आम्ही दिलेला मजकूर डिजिटल सहीनिशी मागतो. त्यात पैसे हलत नाहीत आणि वॉलेटची किल्ली, म्हणजे त्याचा ताबा, कुणाकडे आहे ते कळतं.

मानधनाचा विषय काढला की तू फोन ठेवतोस. म्हणून कारखान्याचं या वर्षीचं रिटर्न मी बिलाशिवाय भरणार आहे. बाबांशी बोलणं झालंय, तू मध्ये पडू नकोस. आणि हुतात्मा एक्स्प्रेसनं पुन्हा येशील तेव्हा अर्धा दिवस माझ्यासाठी राखून ठेव. बिटकॉइनच्या एकाच वॉलेटचे ढीगभर पत्ते असतात, त्यांची बेरीज कशी करायची ते आपल्याला अजून ठरवायचंय.

तुझी,
सीए मॅडम