मागच्या दाराबद्दल

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

तुमच्या सहकारी क्लबच्या सभेनं तुला सचिव निवडलं, हा तुझा निरोप आईनं मला दोनदा वाचून दाखवला. नोकरीबद्दल ती आता काही बोलत नाही. आत्याला मात्र आम्ही अजून सांगितलेलं नाही, ते तुझं तू सांग. या पत्रात फक्त अभिनंदन करायचं, तुम्ही नाच-गाण्याच्या रात्री भरवता त्या गोदामाचा विषय काढायचा नाही, असं मी ठरवून बसलो होतो.

जुन्या क्लबांबद्दल तू पाठवलेलं सगळं वाचलं. १९१६ साली, महायुद्ध ऐन भरात असताना, ह्यूगो बाल आणि एमी हेनिंग्स या कलावंतांनी झुरिकमध्ये काबारे व्होल्तेर नावाचा क्लब सुरू केला आणि एवढ्याशा जागेत कविता, मुखवटे, नाच, ढोल सगळं एकत्र आणलं, हे मला माहीत नव्हतं. लंडनच्या यूएफओ क्लबमध्ये प्रोजेक्टरच्या काचांमध्ये रंगीत द्रव घालून त्याचे हलते आकार वादकांवर सोडायचे, ते वाचताना तर तूच डोळ्यांसमोर आलीस. न्यूयॉर्कच्या डेव्हिड मॅन्क्युसोनं १९७० पासून स्वतःच्या राहत्या जागेत नाचाच्या रात्री भरवल्या. आमंत्रण असेल त्यालाच प्रवेश, दारूविक्री नाही. क्लब म्हटलं की पूर्वी माझ्या मनात जे यायचं ते आता येत नाही.

पण त्या लोकांना निदान पत्ता ठाऊक असायचा. तुम्ही कार्यक्रमाची जागा त्याच दिवशी संध्याकाळी कळवता. त्यातली गंमत मला समजते गं. पण जी जागा कुणालाच ठाऊक नाही, ती अग्निशमन दलालाही ठाऊक नसते. त्या गोदामाला मागचं दार आहे का? फोटोत मला एक लोखंडी शटर तेवढं दिसलं.

अमेरिकेतल्या ओकलंडच्या 'घोस्ट शिप' गोदामाचं तूही वाचलं असशील. कलावंत तिथंच राहायचे, तिथंच काम करायचे. २ डिसेंबर २०१६ च्या रात्री वरच्या मजल्यावर संगीत चालू असताना आग लागली आणि ३६ जण गेले. पुढचा जिना लाकडी पॅलेट जोडून केलेला होता. तुमच्यासारखीच मुलं होती ती, गुणी, एकमेकांना धरून राहणारी. अमेरिकेतल्याच ऱ्होड आयलंडमध्ये २००३ साली एका नाइटक्लबात मंचावरच्या आतषबाजीनं भिंतीवरचा फोम पेटला, १०० माणसं गेली. तिथं बाहेर पडायला आणखी दारं होती. पण माणूस आला त्याच दारानं पळतो. दोन मिनिटांच्या आत पुढच्या दारात सगळे एकमेकांवर पडले होते.

म्हणून नुसतं मागचं दार असून भागत नाही, ते आलेल्या प्रत्येकाला आधी दाखवावं लागतं. तुम्ही भिंतींवर, कपड्यांवर, धुरावर चित्रं सोडता, तसा एक प्रोजेक्टर त्या दारावरही लावा. तो वीज गेली की जाणार, म्हणून बॅटरीवरचा दिवा वेगळा हवा. आवाज अडवायला भिंतींना फोम लावला असेल तर तो कसला आहे ते विचार. साधा, पटकन पेटणारा असेल तर काढा.

आणि वायरिंग. धुराच्या यंत्रात हीटर असतो, तो सारखा चालू-बंद होतो आणि चांगलाच लोड खेचतो. त्याला प्रोजेक्टरच्या बोर्डावर लावू नका. एक्स्टेन्शनची रीळ पूर्ण उलगडून वापरा, गुंडाळलेली वायर आतल्या आत तापते. स्पीकरची भुणभुण थांबावी म्हणून काही जण अर्थिंगची पिन काढून टाकतात. भुणभुण थांबते, पण माइक हातात धरणाऱ्याचा जीव टांगणीला लागतो. असं करताना कुणी दिसलं तर कार्यक्रम थांबव.

बघ, पुन्हा सुरू झालो. रागावू नको. आयुष्यभर दुसऱ्यांच्या घरातल्या जळक्या वायरी उपसल्या, मला नुसता उजेड बघताच येत नाही, त्यामागचं बोर्ड दिसतं.

तुझा पहिला प्रोजेक्टर आठवतो? बुटांचं खोकं, आत बल्ब, पुढं तुझ्या आजोबांचं भिंग. भिंतीवर मांजर उलटं पडलं म्हणून दादा हसला. तू काही न बोलता चित्र उलटं खोचलंस आणि मांजर पायांवर उभं राहिलं. तेव्हा तुला धड वाचताही येत नव्हतं. खोक्याला तापल्याचा वास यायला लागला की मी बटण बंद करायचो आणि तू रडून घर डोक्यावर घ्यायचीस. ते मांजर मी कितीजणांना सांगितलंय! परवा औषधाच्या रांगेत शेजारच्या अनोळखी माणसालाही सांगितलं, माझी मुलगी आता सचिव आहे म्हणून.

सहकाराची तुमची कल्पना मला मनापासून पटली. इंग्लंडमधल्या रॉचडेलच्या २८ जणांनी १८४४ मध्ये सहकारी दुकान काढलं तेव्हापासूनचा नियम, भांडवल कितीही असो, माणशी एक मत. तुम्ही तिकिटाचे पैसेही तसेच मतानं वाटता, हे फार कमी लोकांना जमतं. फक्त एक ठराव अजून करा. धूर दिसला तर सभा भरवायला वेळ नसतो. प्रत्येक रात्री एकाच्या हातात सगळं बंद करण्याचा अधिकार द्या. त्यानं त्या दिवशी वाजवायचं नाही, प्यायचं नाही, मागच्या दाराशी थांबायचं. आणि ते दार बाहेरून कुलूपबंद नाही, हे तू स्वतः ढकलून बघायचं. कुणी 'बघितलंय' म्हटलं तरी तूच.

तुमच्या नियमांत सभासदत्व सर्वांना खुलं असं लिहिलंय. मग निवृत्त वायरमनलाही चालत असेल. भाग किती रुपयांचा आहे ते कळव, मी भरतो. मत तुमच्या विरोधात देणार नाही, फक्त बोर्ड माझ्या ताब्यात द्या. आई म्हणते, तिला आधी विचार तरी, म्हणून विचारतोय. आणि त्या गोदामात सिंगल फेज आहे की थ्री फेज, ते आजच बघून सांग, म्हणजे मला सामान भरता येईल.

तुझा,
बाबा