काजूच्या हंगामातली दहावी

वाळपई, सत्तरी, गोवा

प्रिय सुरेश,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या खानापूरकडच्या त्या मुलीची बातमी आधी सांगतो. दहावी पास झाली, अकरावी सायन्सला प्रवेशही घेतला! आईबाप कुळागरात, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेत मजुरीला, काजूच्या दिवसांत डोंगरावर. ऐन परीक्षेच्या तोंडावर तीही बोंडू, म्हणजे काजूची फळं गोळा करायला जायची. बिया सोडवून सोडवून चिकाने बोटांची साल निघालेली, अंगठ्याला चिंधी, आणि तशाच हाताने भूमितीच्या आकृत्या काढत बसलेली मी पाहिली आहे तिला.

लोक म्हणतात, पोरगी हुशार. आहेच. पण तिच्याइतकीच हुशार पोरं हंगाम सरला की आमच्या शाळेतून निघून गेली. ही पाचवीत असताना बागायतदाराने बापाला बारमाही काम दिलं, राहायला खोली दिली. बिऱ्हाड हललं नाही म्हणून शाळा टिकली. मला तरी याहून मोठं कारण दिसत नाही.

अमेरिकेतला होझे हर्नांडेझ २००९ साली डिस्कव्हरी यानातून अंतराळात जाऊन आला. त्याचे आईबाप मेक्सिकोतून येऊन कॅलिफोर्नियात शेतमजुरी करायचे, पिकांमागे फिरायचे. नासाने त्याला ११ वेळा नाकारलं, हे सगळे कौतुकाने सांगतात. मला मात्र त्याच्या दुसरीच्या बाई मोठ्या वाटतात. त्या घरी गेल्या आणि 'मुलांसाठी एका जागी राहा' म्हणून आईबापांना पटवून आल्या.

आपल्याकडे शिक्षण हक्क कायदा आहे. शाळा सोडल्याचा दाखला मागितला की लगेच द्यायचा, तो यायला उशीर झाला किंवा जन्माचा पुरावा नसला तरी प्रवेश अडवायचा नाही. पण हा आधार १४ वर्षांपर्यंतच. पोर कमावतं व्हायला लागतं नेमकं तेव्हाच तो संपतो! याचा मला फार राग येतो.

म्हणून तुला एक काम सांगतो. चोर्ला घाट उतरून इकडे कामाला येणाऱ्या मजुरांत तुझ्या शाळेतलं मूल असेल, तर दाखला हातात देऊनच पाठव. कुठल्या गावी, कुणाच्या बागेत जातात ते मला फोनवर कळव, म्हणजे मी स्वतः जाऊन त्याला शाळेत आणीन. त्याचं शिकून काय झालंय तेही सांग. नाहीतर झालेलेच धडे पुन्हा गिरवायला बसवतात, पोर कंटाळतं आणि येईनासं होतं. नववी-दहावीचं असेल तर आधी त्याच्या बापाशी तू बोल. तुझा शब्द ते मानतात.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
दत्ता