आकडे कुत्र्याचे, तक्ता माणसाचा

संपादक महाशय,

आमच्या वाघ्या कुत्र्यानं चार दिवस भाकरीला तोंड लावलं नाही, म्हणून बेळगावच्या एका लॅबात रक्त दिलं. रिपोर्टात ‘एसजीपीटी ७८’ (हा लिव्हरच्या तपासणीचा आकडा) ठळक अक्षरांत. लिव्हर गेलं म्हणून घरात रडारड! गुरांचे डॉक्टर हसले: शेजारी छापलेली ४० ची मर्यादा माणसाची, कुत्र्याची साधारण १०० पर्यंत असते. खरा काळजीचा आकडा रिपोर्टात त्याखाली होता, प्लेटलेट्स (रक्त गोठवणाऱ्या पेशी) ६२ हजार; कुत्र्याला २ लाखांच्या आसपास तरी हव्यात. नमुन्यात प्लेटलेट्सच्या गुठळ्या झाल्या तरी यंत्र त्या कमी मोजतं, म्हणून त्यांनी काचेवर रक्ताचा थेंब पसरून पाहिला. गोचीड तापच निघाला. लॅबवाल्यांनी निदान कुत्र्याचा तक्ता तरी छापावा.

– एक वाचक, खानापूर