‘मैत्री’ उतरवण्याआधी काय जपायचं ते ठरवा : पृथ्वी विज्ञान मंत्र्यांना खुले पत्र

माननीय मंत्रिमहोदय,
सविनय नमस्कार.

माझ्या तिकिटसंग्रहात एक पिवळट लिफाफा आहे. त्यावर ‘दक्षिण गंगोत्री’चा, म्हणजे अंटार्क्टिकावरच्या आपल्या पहिल्या संशोधन केंद्राचा, शिक्का आहे. १९८४ साली अंटार्क्टिकावर आपलं पहिलं टपाल कार्यालय उघडलं आणि देशभरातल्या संग्राहकांनी केवळ त्या शिक्क्यासाठी पाकिटं पाठवली. ज्या घरात हा शिक्का उठला, ते आता बर्फाखाली गेलं आहे.

ते घर कसं उभं राहिलं हे आपल्याला माहीतच आहे, तरी सांगतो. ६ डिसेंबर १९८१ रोजी डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली २१ जण गोव्यातून ‘पोलर सर्कल’ या जहाजावर निघाले आणि ९ जानेवारी १९८२ ला अंटार्क्टिकावर उतरले. तिसऱ्या मोहिमेत, १९८३-८४ च्या उन्हाळ्यात, डॉ. हर्ष गुप्ता यांच्या तुकडीने ‘दक्षिण गंगोत्री’ उभारलं. त्याच मोहिमेत भूवैज्ञानिक सुदीप्ता सेनगुप्ता होत्या आणि नागपुरात जन्मलेल्या, गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या अदिती पंत होत्या. तो हिवाळा १२ जणांनी त्या घरात काढला. पण घर होतं समुद्रावर तरंगणाऱ्या हिमथरावर. अशा सपाट जागी वाऱ्याला कुठलाही अडथळा आला की त्याच्या आडोशाला बर्फ साचत जातो. घर स्वतःच स्वतःवर बर्फ ओढून घेतं. १९९० मध्ये ते बंद करावं लागलं. तो हिमथर इंच इंच समुद्राकडे सरकतो आहे, म्हणजे घरही सरकतंय. ते खणून काढा, असं मी म्हणत नाही. ते गेलं.

माझं मागणं ‘मैत्री’साठी, अंटार्क्टिकावरच्या आपल्या दुसऱ्या संशोधन केंद्रासाठी आहे.

१९८९ पासून शिरमाखर टेकड्यांच्या उघड्या खडकावर, प्रियदर्शिनी तलावाकाठी ती उभी आहे. तिच्या जागी ‘मैत्री-२’ उभारायचं आपल्या मंत्रालयाने ठरवलं आहे. अंटार्क्टिकाच्या पर्यावरण-रक्षणासाठी झालेल्या माद्रिद कराराप्रमाणे वापरातून गेलेलं बांधकाम ज्याचं त्याने उचलून न्यायचं असतं, अपवाद ऐतिहासिक वास्तूंचा आणि जे काढल्याने पर्यावरणाचं अधिकच नुकसान होईल त्याचा. नियम योग्यच आहे. जवळच पूर्व जर्मनीचं ‘गेओर्ग फोर्स्टर’ केंद्र होतं, १९७६ पासूनचं. नव्वदच्या दशकात जर्मनांनी ते उतरवून नेलं. त्या जागी आज एक ब्राँझचा फलक आहे आणि अंटार्क्टिक करारातल्या ऐतिहासिक स्थळांच्या यादीत त्याची नोंद आहे. आपल्याही नोंदी त्या यादीत आहेत. पहिल्या मोहिमेतल्या सदस्यांची नावं कोरलेला दक्षिण गंगोत्रीचा फलक क्रमांक ४४ वर. हम्बोल्ट पर्वतातला क्रमांक ७८ चा फलक आहे जानेवारी १९९० मध्ये तिथल्याच डोंगरी छावणीतल्या अपघातात गेलेल्या चौघांचा : भूवैज्ञानिक सर्वेक्षणातले तिघे आणि नौदलाचा एक संदेशतंत्रज्ञ. हे चौघे गेले तेव्हा ‘मैत्री’ नवीकोरी होती.

पण ‘मैत्री’त लोक पस्तीस वर्षांहून अधिक काळ राहिले, जेवले, आजारी पडले, घरच्या पत्रांची वाट पाहत बसले. ते सगळं फलकावर मावत नाही.

अंटार्क्टिकावरच्याच केप इव्हान्सचं उदाहरण घ्या. १९११ साली रॉबर्ट स्कॉट या ब्रिटिश मोहीमवीराच्या तुकडीने तिथे लाकडी घर बांधलं. ध्रुवावर गेलेले पाच जण परतले नाहीत. पुढे घर ओस पडलं, आत बर्फ भरला. १९६० च्या सुमारास न्यूझीलंडच्या लोकांनी तो उपसला, तेव्हा त्या घराला जेमतेम पन्नास वर्षं झाली होती. तेव्हाही कुणाला वाटलं असेलच की एवढ्यात कसला आलाय इतिहास! आज फळ्यांवरचे डबे, बिछाने, प्रयोगशाळेतल्या बाटल्या जागच्या जागी आहेत आणि ती माणसं काय खात होती, कशी निजत होती हे डोळ्यांनी पाहता येतं. शॅकलटन या दुसऱ्या ब्रिटिश मोहीमवीराच्या केप रॉइड्सच्या घराखालून २०१० मध्ये व्हिस्कीच्या पेट्या निघाल्या. केप अडेरला २०१७ मध्ये डब्यातला फ्रूटकेक मिळाला. आपलं आर्क्टिकमधलं ‘हिमाद्री’ केंद्र नॉर्वेच्या ज्या न्यू-ओलेसुंड गावात आहे, तिथे १९२६ साली ‘नॉर्गे’ हे हवाईजहाज नांगरून ठेवायला उभारलेला मनोरा अजून उभा आहे. तिकडच्या कायद्यात १९४६ पूर्वीच्या मानवी खुणांना आपोआप संरक्षण आहे. आपले शास्त्रज्ञ जाता-येता तो मनोरा पाहत असतील.

म्हणून ‘मैत्री’चा पहिला बोल्ट निघण्याआधी तिथे शास्त्रज्ञ आणि अभियंत्यांबरोबर एक इतिहासकार आणि संग्रहालयाचं काम जाणणारी एक व्यक्ती पाठवा. प्रत्येक खोलीचं मोजमाप आणि चित्रीकरण होऊ द्या. जेवणाचं टेबल, रेडिओची खोली, भिंतीवर कुणी पेन्सिलने काही लिहून ठेवलं असेल तर ती फळीसुद्धा, बोटीने परत आणा. यासाठी करारातल्या देशांनी २०१८ मध्ये मार्गदर्शक सूत्रं मान्य केली आहेत. वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राच्या ‘पोलर भवन’मधलं संग्रहालय तर याच कामासाठी आहे. तिथे नुसत्या प्रतिकृती आणि पडदे नकोत. मुरगाव बंदर तिथून हाकेच्या अंतरावर आहे. गोव्याच्या शाळांतली मुलं येतील तेव्हा त्यांना खरी खुर्ची दिसू द्या, जिच्यावर कुणीतरी दोन महिने सूर्याची वाट पाहत बसलं होतं.

दुसरं काम याहून निकडीचं आहे. डॉ. कासिम २०१५ मध्ये गेले. पहिल्या तीन मोहिमांतली माणसं आता सत्तरी-ऐंशीत आहेत. त्यांच्या आठवणी त्यांच्या त्यांच्या भाषेत ध्वनिमुद्रित करा. त्यांच्या घरी असलेल्या वह्या, छायाचित्रं, पत्रं मागून घ्या. याला जहाज लागत नाही, हिवाळा संपायची वाट पाहावी लागत नाही. एक लहान पथक आणि प्रवासभत्ता पुरेल. ही माणसं गेली की त्यांच्या वह्या रद्दीत जातात. एका मोठ्या संग्राहकाच्या घरी असं झालेलं मी पाहिलं आहे.

माझा लिफाफा त्या संग्रहालयाला द्यायची माझी इच्छा आहे. तो वास्कोला कोणाच्या नावे पाठवायचा, एवढं कृपया कळवावं.

आपला नम्र,
एक टपाल-तिकीट संग्राहक, पुणे