दादा, एसआयपी मोडू नको

टोरांटो
12 एप्रिल 2025

दादा, माय आन् वहिनीले नमस्कार,

तुहा मेसेज वाचला, बाजार पडला म्हणून एसआयपी, म्हणजे म्युच्युअल फंडात दर महिन्याले जाणारा हप्ता, सगळं मोडून टाकतो म्हणून. थांब जरा बापा. फोनवर तू मले बोलूच देत नाही म्हणून लिहून राह्यली, सावकाश वाच.

या आठवड्यात आमच्या ऑफिसात फोन नुसते वाजत होते. 2 तारखेला ट्रम्पनं टॅरिफ, म्हणजे बाहेरून येणाऱ्या मालावरचा कर, जाहीर केलं आन् सगळीकडचे बाजार कोसळले, 7 तारखेला आपला सेन्सेक्स 2200 पॉइंटच्या वर पडला ते तू पाह्यलंच. इथले क्लायंट बहुतेक रिटायर झालेले, सगळ्याइचं एकच, विकून टाकू का. बाजार कधी वर जाईल हे मी कोणालेच सांगत नाही, जो सांगते तो थापा मारते. मी विचारते, हा पैसा तुम्हाले कधी लागणार? दोनेक वर्षाचा खर्च बाजूले ठेवला असला तर गप बसा म्हणते. तरी एका काकानं मंगळवारी सगळं विकायले लावलंच, आन् बुधवारी बहुतेक देशाइवरचं वाढीव टॅरिफ 90 दिवस थांबवलं तं अमेरिकेचा एस अँड पी, म्हणजे तिथला सेन्सेक्सच समज, एकाच दिवसात साडेनऊ टक्के वर! आता काका माह्याशी बोलत नाही.

तुहंबी तेच होईल. भाव पडला तं तेवढ्याच हप्त्यात फंडाचे युनिट, म्हणजे आपले हिस्से, जास्त येतात, मंग आताच काहून बंद करतं? कापसाचा भाव पडला तं तू घरात गंजी लावून ठेवतं, पोराइच्या अंगाले खाज सुटली तरी विकत नाही. त्या कापसाचं तं वजनबी घटते, युनिट घटत नाही.

लवकरच भरून निघेल असं मी म्हणत नाही हां. 2020 च्या मार्चात सेन्सेक्स 26 हजाराच्या खाली गेला आन् डिसेंबरात 47 हजारावर होता, पण 2008 च्या जानेवारीत 21 हजारावर जे घुसले त्याइले तो आकडा परत पाहाले 2010 ची दिवाळी उजाडली.

म्हणून पिंकीच्या लग्नाचे आन् जूनच्या बी-खताचे पैसे तुह्या त्या स्मॉल कॅप, म्हणजे छोट्या कंपन्याइच्या फंडात असतील तं तेवढे मात्र काढ, घाटा झाला तरी काढ, वर्ष झालं नसलं तं बहुतेक फंडात एक टक्का एक्झिट लोड, म्हणजे लवकर काढल्याचा चार्जबी कटते, कटू दे. ते पैसे तिथं टाकाचेच नव्हते. बाकीचं राहू दे.

आन् बबलू ऑप्शन, म्हणजे शेअरचा भाव पुढं वर जाईल का खाली यावर पैसे लावाचे सौदे, खेळून राह्यला असं वहिनी म्हणे. त्याची भीती मले तुह्या एसआयपीपेक्षा जास्त हाये. शेअर बाजारावर नजर ठेवणाऱ्या सेबीनंच मागच्या वर्षी सांगितलं, तीन वर्षात फ्युचर-ऑप्शन करणाऱ्या 100 पैकी 93 जणाइले घाटा झाला. टेलिग्रामवर टिप देणारा त्याले हे सांगणार हाये का? त्याले म्हण आत्यानं रविवारी फोन कराले सांगितला, आन् तोवर त्या ॲपात एक रुपयाबी टाकू नको.

तुही,
छोटी