लाल दिवा विझवलात, ब्रेक कोणी पाहिले?

दि. १६ ऑक्टोबर

प्रति,
प्रमुख, ग्राहक तक्रार विभाग,
मुंबई

विषय: ४ ऑक्टोबर रोजी तुमच्या सर्व्हिस सेंटरने माझ्या कारची ‘पावसाळ्यानंतरची तपासणी’ करताना ब्रेक न उघडताच ‘ओके’ शेरा दिल्याबद्दल.

महोदय,

गाडी तुमच्या ताब्यात देताना मी सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरना एकच गोष्ट दोनदा सांगितली होती. चेकनाक्याच्या सिग्नलला जरा जोरात ब्रेक दाबला की डॅशबोर्डवरचा ब्रेकचा लाल दिवा क्षणभर लागतो. त्यांनी ते जॉबकार्डवर लिहून घेतलं आणि वर म्हणाले, “मॅडम, सरांना फोन करायला सांगा, मी त्यांना समजावतो.” गाडी माझ्या नावावर आहे आणि गेली एकवीस वर्षं मीच चालवते. ‘सरांना’ लायसन्स नाही.

संध्याकाळी गाडी घरी आली. दिवा लागत नव्हता, काचा चकचकीत होत्या, आत लिंबाचा वास येत होता. बिल ७,८४० रुपये. त्यात ब्रेकची सफाई व तपासणी ९५०, एसीची जंतुनाशक फवारणी १,२००. ब्रेकपेक्षा वास महाग, हे तेव्हाच खटकायला हवं होतं. जॉबकार्डवर पुढच्या चाकांच्या ब्रेक पॅडची, म्हणजे चाकाच्या डिस्कला आतून-बाहेरून दाबून धरणाऱ्या पट्ट्यांची, जाडी दोन्ही बाजूंना ६ मिमी आणि शेरा ‘ओके’.

त्या भरवशावर ११ तारखेला आईला घेऊन नाशिकला भावाकडे गेले. आई ७८ वर्षांची. दुसऱ्या दिवशी परत निघालो, तर घोटी सोडताच आभाळ भरून आलं. हवामान खात्याच्या हिशेबाने मुंबईतून मोसमी पाऊस साधारण ८ ऑक्टोबरला परततो, पण जाताना तो असा संध्याकाळी गडगडून हजेरी लावतो हे आपल्याला नवीन नाही. दिवसभर तापलेल्या रस्त्यावर धूळ आणि तेल बसलेलं असतं. पहिल्या दहा मिनिटांच्या सरीत त्याचा निसरडा राप होतो, म्हणून मी वेग आधीच कमी केला होता. कसारा घाट लागला तेव्हा गाडी दुसऱ्या गिअरमध्ये होती. ज्या गिअरने चढायचं त्याच गिअरने उतरायचं, हे मला शिकवलं गेलंय आणि मी ते पाळते.

तिसऱ्या-चौथ्या वळणावर डाव्या चाकातून खर्र खर्र असा लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज आला. ब्रेक दाबला की गाडी उजवीकडे ओढायची, म्हणजे शेजारून उतरणाऱ्या ट्रकांच्या दिशेला. पहिल्या गिअरमध्ये, इंडिकेटर लावून, हँडब्रेकवर हात ठेवून, डाव्या कडेने उरलेला घाट मी उतरले. मागच्या सीटवर आईचं रामरक्षा म्हणणं चालू होतं. मधेच थांबून तिने विचारलं, “गाडी नुकतीच दुरुस्त केली होतीस ना?” मी उत्तर दिलं नाही.

कसाऱ्यात एक गॅरेज उघडं होतं. इथे तुमच्या खात्याने नीट लक्ष द्यावं.

खड्ड्यांत चाकांच्या टोप्या उडून जातात, म्हणून मी त्या प्लॅस्टिकच्या टायने रिमला बांधते. काळ्या टाय संपल्या होत्या, म्हणून पुढच्या डाव्या चाकाला लाल लावली होती. मेकॅनिकने पकड उचलली आणि विचारलं, “ताई, ही तोडू का?” मी हो म्हटलं आणि तेव्हाच डोक्यात प्रकाश पडला. ती टाय तोडल्याशिवाय टोपी निघत नाही, टोपी काढल्याशिवाय चाक निघत नाही आणि चाक काढल्याशिवाय पॅड मोजता येत नाहीत. गाडी नेताना आणि परत देताना तुमच्याकडचा मुलगा टॅबवर फोटो काढतो. ते फोटो तुम्हीच मला ईमेलने पाठवलेत. दोन्ही फोटोंत तीच लाल टाय आहे, तिच्यावरच्या चिखलासकट.

चाक निघालं. बाहेरचा पॅड बरा होता, पाचेक मिमी उरला असेल. आतला संपून त्याची लोखंडी पट्टी डिस्कवर घासत होती. डिस्कवर बोटाला लागतील इतके खोल चरे. कारण साधं होतं. पॅड धरणारा चिमटा, म्हणजे कॅलिपर, ज्या पिनवर सरकतो ती गंजून जाम झाली होती, त्यामुळे पॅडला ढकलणाऱ्या पिस्टनकडचा आतला पॅड एकटाच दाबला जात होता. मुंबईत चार महिने गुडघाभर पाण्यातून आणि खाऱ्या हवेत गाडी काढली की या पिनांचं हेच होतं. पावसाळ्यानंतर ब्रेकची सफाई करतात ती यासाठीच: पिन काढायची, घासायची, ग्रीस लावून परत बसवायची. ९५० रुपये मी याचेच दिले होते.

आता लाल दिव्याचं. ब्रेक ऑईलची पातळी खाली गेली की तो लागतो. पातळी खाली जाते ती गळतीमुळे, नाहीतर पॅड झिजल्यामुळे: पिस्टन पुढे सरकतो आणि मागच्या जागेत ऑईल उतरतं. म्हणजे दिवा जे सांगायचं ते बरोबर सांगत होता. तुमच्या माणसाने काय केलं? वरून ऑईल ओतलं. बिलात ‘टॉप-अप’ म्हणून त्याचे १८० रुपये आहेत. नवे पॅड बसवताना मेकॅनिकने पिस्टन मागे दाबला, तसं ते ऑईल डबीतून उतू गेलं. जुनं ऑईल तर कोऱ्या चहासारखं काळपट होतं. हे ऑईल हवेतला ओलावा शोषतं. डॉट ४ प्रतीचं ताजं ऑईल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, ओलावा शिरल्यावर हीच मर्यादा १५५ पर्यंत उतरते, आणि ऑईल उकळलं की ब्रेक नीट लागत नाही. माझ्या गाडीच्या पुस्तिकेत ते दर दोन वर्षांनी बदलायला सांगितलं आहे. जुन्यात नवं ओतून ते नवं होत नाही.

१३ तारखेला फोन केला तर उत्तर मिळालं की पॅड हा झिजणारा भाग आहे, वॉरंटीत येत नाही, आणि “तुम्ही ब्रेकवर पाय ठेवून चालवत असाल.” पॅड झिजतात हे मलाही कळतं, ते फुकट मागितलेले नाहीत. आणि पाय ठेवल्याने झिजले असते, तर एकाच चाकाचा, तोही आतलाच पॅड का संपला? माझी तक्रार न मोजता लिहिलेल्या त्या ‘६ मिमी’बद्दल आहे. नुसतं ‘वेळ मिळाला नाही’ असं लिहिलं असतं, तर मी त्या घाटात गेलेच नसते.

कसाऱ्यात पॅड, पिन, नवं ऑईल आणि मजुरीचे ३,५०० रुपये झाले. मुंबईत दुसरीकडे दोन्ही डिस्क बदलल्या, त्यांचे ६,९००. यात तुमचे सफाईचे ९५० मिळवून ११,३५० रुपये परत हवे आहेत. पॅडची किंमत तुम्हाला वेगळी काढायची असेल तर काढा, त्यावर मी वाद घालणार नाही. पण ४ तारखेला माझ्या गाडीचं चाक कोणी, किती वाजता उघडलं, याचा लेखी खुलासा हवा. त्या आठवड्यात हीच तपासणी करून घेतलेल्या इतर ग्राहकांना बोलावून त्यांचे ब्रेक पुन्हा, चाक काढून, पाहा.

पंधरा दिवस वाट पाहीन. त्यानंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर आणि मुंबई उपनगर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे मी राहते तिथे तक्रार नोंदवता येते, त्यामुळे त्यासाठी मला तुमच्या मुख्यालयाच्या गावी खेटे घालायला नकोत.

जुने पॅड, गंजलेली पिन आणि तोडलेली लाल टाय बिस्किटांच्या डब्यात जपून ठेवली आहेत. पाहायला माणूस पाठवा, चहा देईन. डबा मिळणार नाही.

आपली,
एक ग्राहक, मुलुंड (पूर्व)

सोबत: बिल व जॉबकार्डची प्रत, तुमच्याच टॅबवरचे दोन फोटो, कसाऱ्याची पावती, डिस्कचं बिल.